मुळाबरहुकूम

मोटारगाड्यांच्या सौंदर्यस्पर्धेत परीक्षकांचे पथक एका गाडीपाशी जेमतेम पंधरावीस मिनिटे थांबते, आणि ज्या गाडीवर मालकाने आपल्या मिळकतीचा व घरच्या मंडळींच्या सोशिकपणाचा बराचसा भाग खर्ची घातलेला असतो, तिचा निवाडा तेवढ्या अवधीत होऊन जातो. पथकातला एकजण बोनेटखाली वाकतो, दुसरा गुडघे टेकून गाडीच्या पोटाखाली विजेरीचा झोत टाकतो, तिसरा दारे उघडून मिटून त्यांचा आवाज ऐकतो आणि मालकाला दिवे, भोंगा, वायपर क्रमाने चालू करून दाखवावयास सांगतो. मग इंजिन सुरू करण्याचा हुकूम होतो. आणि या सगळ्या वेळात गाडीच्या देखणेपणाविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. दोरीपलीकडचे प्रेक्षक वाहवा करीत असतात ती रंगाची, क्रोमच्या झळाळीची आणि लांबलचक मडगार्डांच्या डौलाची. परीक्षकाच्या हातातल्या तक्त्याचा रोख वेगळाच असतो: ही वस्तू कारखान्यातून जशी निघाली तशीच आज आहे काय, आणि नसल्यास तो फेरफार कोणी, केव्हा व कोणत्या आधारावर केला? सबब, तयारी म्हणजे धुणेपुसणे आणि पॉलिश अशी समजूत करून घेऊन जो मनुष्य या नादी लागतो, त्याला लवकरच कळून चुकते की आपण एका प्रदीर्घ दिवाणी दाव्यात वादी म्हणून उभे राहिलो आहोत आणि पुराव्याचा सारा भार आपल्याच शिरावर आहे.

गंमत अशी की या स्पर्धांचा जन्म जुन्या वस्तूंच्या प्रेमातून मुळीच झालेला नाही. पॅरिसच्या उद्यानांतून घोडागाड्या मिरविण्याची जी श्रीमंती हौस होती तिचाच वारसा मोटारींकडे आला, आणि दोन महायुद्धांमधल्या काळात ‘कोंकूर द’एलेगांस’ या नावाने जे सोहळे फ्रान्स-इटलीत भरत, त्यांत कोऱ्या करकरीत गाड्या, त्यांचे सांगाडे मढविणारे कोचबिल्डर आणि त्या गाड्यांना साजेशी वस्त्रे ल्यालेल्या स्त्रिया अशी तिहेरी जाहिरात चालत असे. कोमो सरोवराकाठी व्हिला देस्ते येथे 1929 साली सुरू झालेली स्पर्धा याच जातीची. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे द्वीपकल्पावर पेबल बीच येथे 1950 साली जी स्पर्धा भरली, तीही मुळात मोटार-शर्यतीच्या जोडीला ठेवलेली एक शोभेची बाब होती आणि पहिली काही वर्षे तेथे नव्या गाड्याच अव्वल ठरत गेल्या. त्या पहिल्या वर्षीची शर्यत जॅग्वार एक्सके 120 हाकून जिंकणारा तरुण फिल हिल याने 1955 साली आपल्या मावशीची 1931 ची पिअर्स-ॲरो गाडी दुरुस्त करून स्पर्धेत उतरविली आणि सर्वोच्च मान पटकाविला. महायुद्धापूर्वीच्या गाडीला तो मान मिळण्याचा तेथला हा पहिलाच प्रसंग. तेव्हापासून जुन्या गाड्यांचे पारडे जड होत गेले. 1956 साली झाडावर गाडी आदळून अर्नी मॅकॅफी हा शर्यतपटू मरण पावला, तेव्हा रस्त्यावरची शर्यत बंद झाली; जोडीला ठेवलेली शोभेची बाब मात्र टिकली आणि पुढे तीच मुख्य होऊन बसली. फिल हिल 1961 साली फेरारीच्या गाडीतून जगज्जेता झाला, तरी जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचे त्याचे वेड सुटले नाही आणि पुढे त्याने त्याचाच कारखाना थाटला.

आता नियमांकडे वळू. अमेरिकेतील अँटिक ऑटोमोबाइल क्लब ही 1935 साली स्थापन झालेली संस्था चारशे गुणांचा तक्ता वापरते, आणि तिची कसोटी अशी की विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या हवाली करण्यासाठी गाडी जशी सज्ज केली असती तशी ती दिसली पाहिजे. ऐकावयास सोपी वाटणारी ही कसोटी अमलात आणू गेल्यावर किती काटेरी ठरते, याचा पुरा प्रत्यय शेव्रोले कंपनीच्या कॉर्व्हेट या एकाच गाडीला वाहिलेल्या, 1974 साली स्थापन झालेल्या मंडळाच्या तपासणीत येतो. तेथे एकूण गुण 4510. त्यांपैकी 94 टक्के मिळाले तरच पहिल्या प्रतीचे प्रशस्तिपत्र. एवढे गुण वाटावयाचे कशावर, हा प्रश्न सहजच उद्भवतो. उत्तर असे की नळीला आवळणारी पट्टी कोणत्या बनावटीची, बॅटरीच्या टोप्या कशा, कामगाराने तपासणीच्या वेळी सांगाड्यावर खडूने वा रंगीत कांडीने जी खूण केली ती त्याच जागी आहे की नाही, आणि बोनेटच्या आतल्या बाजूस रंगाचा फवारा जेथे मूळ कामगाराने हात आखडता घेऊन विरळ सोडला तेथे तो तसाच विरळ आहे काय, या सर्वांवर. जेथे कारखान्याने गबाळेपणा केला तेथे गबाळेपणाच हवा. मालकाने प्रेमाच्या भरात तो भाग गुळगुळीत व चकचकीत केला की गुण कापले गेलेच म्हणून समजावे. बोनेट आणि दार यांमधली फट मुळात वेडीवाकडी होती, ती आता सुतात आणली. स्क्रूंच्या डोक्यांवरच्या खाचा कारखान्यात वाटेल त्या दिशेला राहात, त्या आता साऱ्या एका रेषेत उभ्या केल्या. ही कारागिरी डोळ्यांना सुखावते खरी, पण ती त्या गाडीच्या चरित्राशी केलेली लबाडी होय. या लबाडीला तेथले लोक ‘ओव्हर-रिस्टोरेशन’ म्हणतात आणि आपल्याकडच्या गॅरेजांतही तो शब्द आता रुळला आहे.

म्हणून सुज्ञ मालक हातात पाना घेण्याआधी दप्तर उघडतो. चेसिसवरचा ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, आर. सी. बुकातली नोंद आणि बॉडीवरील कोचबिल्डरची पितळी पट्टी या चौघांचे जाबजबाब परस्परांशी जुळतात की नाही, हे प्रथम पाहावे लागते. आणि ते न जुळल्यास पुढची सारी मेहनत वाळूत पाणी घातल्यासारखी आहे. रोल्स-रॉइससारख्या घराण्याच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे, कारण प्रत्येक चेसिसचा तपशील लिहिलेली पत्रे इंग्लंडात त्या गाडीच्या चाहत्यांच्या क्लबाकडे, हंट हाउस नावाच्या वास्तूत, जपून ठेवलेली आहेत आणि कोणत्या संस्थानिकाने कोणता दिवा, कोणता भोंगा आणि कोणत्या रंगाचे कातडे मागविले होते ते त्यांवरून कळू शकते. काचेसारखी निर्जीव वस्तूही साक्ष देते: ट्रिप्लेक्स कंपनीच्या काचेवर कोपऱ्यात जी मुद्रा कोरलेली असते, तिच्या अक्षरांशी घातलेल्या टिंबांवरून ती काच कोणत्या वर्षाची ते ताडता येते, आणि परीक्षकांपैकी जो खरा खोडसाळ असतो तो हटकून तेथेच भिंग लावतो.

त्यानंतर गाडी मोकळी करावयाची. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, प्रत्येक नट-बोल्टाला वेगळी पिशवी आणि पिशवीला चिठी, हा शिरस्ता ज्याने पाळला नाही त्याची गाडी मोकळीच राहिल्याची उदाहरणे मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत कोपऱ्याकोपऱ्यांत ताडपत्रीखाली पडून आहेत. मोकळ्या झालेल्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे, आसनाच्या तळाशी किंवा दाराच्या अस्तराआड, जेथे कोणत्याही रंगाऱ्याचा ब्रश कधी पोहोचला नाही, तेथे मूळ रंगाचा बोटभर तुकडा सापडतो. आणि आजोबांच्या वेळेपासून गाडी काळीच होती असे जे घर शपथेवर सांगत आले, तिथे ती मुळात फिकट हिरवी निघाल्याने काही काळ मोठी शोककळा पसरते.

पत्र्याचे काम डेंटरचे. मुंबईतला जुना डेंटर पत्र्यावरून नुसता तळहात फिरवून आतली खोक ओळखतो, आणि मालकाने उतावीळपणे गंजका भाग कापून टाकावयास सांगितले तर हटकून बजावतो, “शेट, जुना पत्रा जाड आहे, कापू नका, नवा एवढा टिकायचा नाही.” त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. पूर्वी खोलगट जागा शिशाच्या डागाने भरीत; सांप्रत पुट्टीचे थर चढवितात, आणि थर जाड असला की लोहचुंबक तेथे धरीत नाही, ही गोष्ट गाडी विकत घेणारे जाणतात व विकणारे विसरतात. रंगाची कथा आणखी गुंतागुंतीची. आरंभीच्या गाड्यांना वॉर्निशाच्या रंगाचे हात चढविण्यात आठवडे जात. दुपाँ कंपनीने 1920 नंतरच्या वर्षांत ड्यूको हा लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला आणि 1924 च्या ओकलंड गाड्यांवर तो चढला, तेव्हा हा कालापव्यय थांबला. आपल्याकडे रंगारी कोणत्याही चकचकीत रंगाला ड्यूकोच म्हणतो. पण खऱ्या नायट्रोसेल्युलोजची चमक मऊ, किंचित धूसर, हाताने घासून आणलेली असते आणि आजच्या दोन डब्यांतल्या पॉलियुरेथेन रंगाची चमक ओल्या फरशीसारखी कोरडी होण्याचे नावच घेत नाही. दोन्ही शेजारी ठेवली तर शाळकरी पोरालाही फरक कळावा. तरीही नव्या चमकेचा मोह आवरत नाही, कारण लग्नसराईत गाडी भाड्याने मागावयास येणाऱ्याला तीच आवडते.

गिलिटाच्या कामात तर अज्ञान अधिकच ठळक दिसते. क्रोमियमचा मुलामा मोटारींवर येऊ लागला तो 1920 च्या दशकाच्या अखेरीस; त्यापूर्वीच्या गाडीचा रेडिएटर नाहीतर दिवे एक तर पितळी किंवा निकेलचे, आणि निकेलला जी किंचित पिवळसर, उबदार झाक असते ती क्रोमच्या निळसर थंड झळाळीत नसते. असे असता 1922-23 च्या गाडीला नखशिखान्त क्रोम चढवून मिरविणारे महाभाग आपल्या रॅलींतून आजही दिसतात. क्रोम चढविणाराही नीट हवा: आधी तांबे, मग निकेल, मग क्रोम, आणि या सर्वांच्या आधी घासणीच्या चाकावर घटकाभर झीज, त्या झिजेतच अक्षरे कोरलेले नाजूक बिल्ले अर्धे पुसट होऊन परत येतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1936 च्या सुमारास कॅडिलॅकच्या कारखान्यात प्रथम वापरात आला असे सांगतात. तेव्हा त्याआधीच्या गाडीत असा एक जरी स्क्रू दिसला तरी परीक्षकाला आणखी काही विचारावे लागत नाही.

येथवर जे सांगितले ते सर्व देशांना लागू आहे. परंतु मुंबईत ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न विलायतेहून निराळा आहे, आणि तो नीट न समजल्यामुळे पुष्कळ चांगल्या गाड्या बिघडविल्या गेल्या आहेत. शिवडीला जनरल मोटर्सने 1928 साली गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, आणि सरकारचे धोरण येथेच भाग बनविणाऱ्यांना आश्रय देण्याकडे वळल्यावर 1954 च्या सुमारास तो बंद केला; दरम्यान तेथून निघालेल्या शेव्रोले गाड्यांचे सांगाडे परदेशी असले तरी जोडणीचे हात आणि अस्तराचे बरेच सामान इथले होते. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला 1947 पासून क्रायस्लर घराण्याच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो गाड्या जोडल्या. त्यांतली डॉज किंग्जवे ही वस्तुतः प्लिमथचेच अंग, त्यावर डॉजची जाळी बसविलेली. आता अमेरिकन पुस्तक उघडून बसलेला परीक्षक तीत प्लिमथचे भाग पाहून कपाळाला आठ्या घालील, किंवा मालकच ते पुस्तक वाचून हौसेने अस्सल डॉजचे भाग परदेशातून मागवून बसवील. आणि दोन्ही प्रकारांत चुकीचा पक्ष त्या पुस्तकावर विसंबणाऱ्याचाच, कारण किंग्जवे जन्मतःच तशी होती. डेट्रॉइटचे सत्य कुर्ल्यात जसेच्या तसे लागू करता येत नाही, एवढी साधी गोष्ट स्पर्धेच्या मैदानावर कोणाला समजावून सांगावयाची म्हणजे मालकापाशी कुर्ल्याचा पुरावा हवा.

असा पुरावा रोल्स-रॉइसच्या मालकाला इंग्लंडातून मिळतो. फियाटच्या मालकाला मात्र तो नातेवाइकांच्या घरोघर हिंडून गोळा करावा लागतो. मुंबईकरांनी ज्या गाडीला प्रेमाने ‘डुक्कर’ म्हटले ती फियाट 1100, इटलीत 1953 साली बाजारात आली आणि पुढल्याच वर्षी कुर्ल्याला तिची जोडणी सुरू झाली. पुढची दारे मागच्या बाजूस बिजागरी असलेली, म्हणून उलटी उघडणारी, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, इंजिन 1089 सीसीचे. पुढे तिच्याच वंशातून एलेगंट, सिलेक्ट, डिलाइट आणि अखेरीस पद्मिनी ही परंपरा निघाली, आणि इंजिनाचा वंश एकच राहिल्यामुळे कालांतराने गॅरेजवाल्यांनी मूळ इंजिन थकले की नंतरच्या गाडीचे बसवून टाकले. तीच गत दिव्यांची, चाकाच्या टोप्यांची आणि जाळीची. अशा गाडीची मूळ टोपी कशी होती हे ठरविण्यासाठी जो ऐवज उपयोगी पडतो तो म्हणजे लग्नाचे जुने अल्बम! वरातीची फियाट, तिच्या बोनेटवर झेंडूच्या माळा, शेजारी घामाघूम वरपिता, आणि त्याच्या धोतराच्या सोग्याआडून दिसणारी ती चाकाची टोपी. कोणतेही दप्तर जी गोष्ट सांगू शकत नाही ती छायाचित्रकाराने अनवधानाने टिपून ठेवलेली असते. सुटे भाग शोधण्याची वणवण निराळीच: कुर्ल्याचा भंगार बाजार, भेंडीबाजाराजवळचा चोर बाजार, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट, आणि त्याहून दूर, पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे 1955 पासून भरणारी शरद ऋतूतली जत्रा, जिच्यात मोडक्या दिव्याच्या एका कड्यासाठी माणसे मैलोगणती पायपीट करतात.

त्यातही एक विषय असा की ज्यावर दोन गॅरेजवाल्यांचे कधी एकमत झालेले ऐकिवात नाही, तो म्हणजे डिझेल इंजिनाचा. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, आणि जुन्या अमेरिकन गाड्यांच्या थोरल्या पेट्रोल-इंजिनांचे खाणे परवडेनासे झाले; तेव्हा डॉज, प्लिमथ, शेव्रोले यांच्या पोटात पर्किन्सची डिझेल इंजिने बसवून त्या शेअर टॅक्सी म्हणून किंवा वाण्याच्या मालासाठी आणखी कित्येक वर्षे पळाल्या. परीक्षकाच्या तक्त्यात असे इंजिन म्हणजे महापातक. पण त्या गाडीला जगविले कोणी? मूळ इंजिनाचा आग्रह धरला असता तर ती त्याच दशकात भंगारात गेली असती आणि आज स्पर्धेत उतरविण्यास चेसिसही शिल्लक राहिली नसती. अशा गाडीच्या मालकाने कष्टाने योग्य सालचे पेट्रोल-इंजिन मिळवून बसविले, तर ते गाडीचे खरे इंजिन खासच नव्हे. आणि तरीही गुणतक्ता त्याला बक्षीस देतो व पन्नास वर्षे इमानाने राबलेल्या पर्किन्सला शिक्षा करतो. कागदी न्याय असाच असतो, असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. पण गेल्या काही वर्षांत खुद्द न्यायाधीशांनाच आपल्या कायद्याविषयी संशय येऊ लागला आहे.

या संशयाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेच्या ज्या अँटिक क्लबाने चारशे गुणांची कसोटी घालून दिली, त्यानेच 1987 च्या सुमारास मूळ अवस्थेत राहिलेल्या, दुरुस्त न केलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग काढला. पेबल बीचने 2001 साली जतन केलेल्या गाड्यांचा वर्ग स्थापन केला. आणि जगभरच्या जुन्या मोटारींच्या संघटनांचा जो महासंघ 1966 पासून आहे, त्याने 2012 साली तुरिनची सनद म्हणून एक मसुदा संमत केला. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली होती तिच्याच धर्तीवर हिने असे सांगितले की मोटारीचे उत्तरायुष्यही तिच्या इतिहासाचाच भाग होय; दुरुस्ती शक्य तेवढी कमी करावी, करावी लागलीच तर तिची नोंद ठेवावी आणि नवा भाग कोणता ते पुढच्या पिढीला ओळखता यावे. कागदावरची ही सुधारणा मैदानावर उतरण्यास आणखी बारा वर्षे लागली. 2024 च्या ऑगस्टमध्ये पेबल बीचचा सर्वोच्च मान एका 1934 च्या बुगाटी टाइप 59 या गाडीस मिळाला, आणि ती गाडी पुन्हा रंगविलेली, नवे कातडे घातलेली नव्हती. बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याने एकेकाळी बाळगलेल्या या गाडीचा रंग ठिकठिकाणी गेला होता आणि आसनावर बसणाऱ्यांच्या खुणा जशाच्या तशा होत्या. जतनवर्गातील गाडीला तो मान मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. माझे मत विचाराल तर हे फार पूर्वी व्हावयास हवे होते. कारण दुरुस्ती कितीही वेळा करता येते, मात्र मूळ रंग एकदाच असतो.

पण आपल्या हवेत या तत्त्वाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. चार महिने पाऊस, बारा महिने समुद्राची खारी हवा, अस्तराला बुरशी, वायरींच्या सुती वेष्टनाला उंदीर, आणि या सर्वांहून घातक असा तो आपला जिव्हाळ्याचा शत्रू, म्हणजे रोज सकाळी कोरडे फडके घेऊन गाडी झटकणारा नोकर! वर्षानुवर्षांच्या त्या झटकण्याने मडगार्डांच्या कडांवरचा रंग प्रायमरपर्यंत झिजून जातो, आणि घरातले लोक त्याला “गाडी फार जपली हो आम्ही” असे म्हणतात. तरीही अशा गाड्या सापडतात. आणि त्या सापडल्या की मालकाची खरी परीक्षा सुरू होते, कारण शेजारच्या बंगल्यातली दुरुस्त गाडी लखलखत असताना आपली गाडी मळकट ठेवण्यास धैर्य लागते. मेण लावावयाचे, पण रंगाचा थर चढवावयाचा नाही. फाटलेल्या रेक्झिनला आतून पट्टी लावून थोपवावयाचे, पण नवे घालावयाचे नाही. गंज थांबवावयाचा, पण पुसावयाचा नाही. हे न करणे अंगमेहनतीहून अवघड आहे, आणि मेस्त्रीला त्याचे बिल कसे लावावे हा तर सुटण्याजोगा प्रश्नच नव्हे.

भारतात अशा स्पर्धांना रॅलीचे रूप आधी आले. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने 1964 साली दिल्लीत सुरू केलेल्या रॅलीत गाडी नुसती उभी करून भागत नसे, ती रस्त्यावर पळवावीही लागे; दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयातला, 1914 साली मँचेस्टरच्या जॉन मॉरिस कंपनीने बांधलेला आगीचा बंब या रॅलीतला वर्षानुवर्षांचा मानकरी आहे. विलायती धर्तीची, हिरवळीवर उभ्या गाड्यांचा कस पाहणारी कार्तिए या जवाहिरी घराण्याची स्पर्धा मुंबईत 2008 साली भरली. त्या वेळेपासून आपल्या मालकांच्या बोलण्यात जतनवर्ग, मूळ क्रमांक आणि परीक्षकांचे शेरे हे विषय शिरले. फेटे बांधून आणि नऊवारी नेसून गाडीत बसण्याची हौस मात्र गेली नाही, आणि ती जाऊही नये, कारण जन्मापासून या सोहळ्याचा तो भाग आहे.

शेवटच्या आठवड्यातल्या लगबगीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दातकोरणी, कापसाच्या काड्या आणि दाढीचे जुने ब्रश यांच्या साहाय्याने चाकांच्या आऱ्यांमधली धूळ काढण्यात कुटुंबातली सर्व माणसे जुंपली जातात, एवढे सांगितले की पुरे. अनुभवी माणूस आदल्या रात्री इंजिन धूत नाही, कारण डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत शिरलेला दमटपणा सकाळी परीक्षकांसमोर नेमका बाहेर येतो. तो त्याऐवजी गाडी चालवितो. पेबल बीचला 1998 पासून स्पर्धेच्या आधी गाड्यांना समुद्रकाठाने फेरी मारावयास लावतात, आणि एखाद्या वर्गात दोघांचे गुण समसमान झाले तर फेरी पुरी करणाऱ्याला झुकते माप मिळते. ट्रेलरवरून उतरून गवतावर चार पावले सरकणाऱ्या गाड्यांना लोक ‘ट्रेलर क्वीन’ म्हणून हिणवू लागले, त्यावरचा हा तोडगा. चालविलेल्या गाडीच्या तळाशी तेलाचा एखादा थेंब जमतोच. तो पुसण्यासाठी मालकाच्या खिशात फडके असते, आणि परीक्षक खाली वाकण्याच्या क्षणी ते फडके सापडत नाही. मूळ जॅक, मूळ पाने आणि छापील पुस्तिका डिकीत मांडून ठेवली तर गुण वाढतात. अग्निशामक नळकांडे विसरले तर अँटिक क्लबासारख्या ठिकाणी कापले जातात.

आणखी एक परीक्षक आता या मैदानात आला आहे, तो म्हणजे सरकार. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये जो फेरफार झाला त्यान्वये प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हिंटेज म्हणून दाखला मिळतो. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढील नूतनीकरणास पाच हजार. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही दोन अक्षरे, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवण्याची मुभा. रोजच्या वापरास वा धंद्यास ती गाडी नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कामांपुरतीच तिने रस्त्यावर यावे. या सर्वांची अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे पर्किन्सवाल्या डॉजच्या मालकाला आता परीक्षकाची मर्जी आणि नियमाचे कलम या दोहोंपुढे एकच कैफियत द्यावयाची आहे. मुंबईतले जाणते मेस्त्री यावर जो उपाय करतात तो असा: योग्य सालचे पेट्रोल-इंजिन मिळाले की ते बसवून देतात, आणि उतरविलेल्या पर्किन्सला तेल पाजून, त्याच्या अंगावर खडूने गाडीचा क्रमांक व उतरविल्याची तारीख घालून, ते गॅरेजच्या फळीखाली सरकवून ठेवतात, कारण दहा वर्षांनी येणाऱ्या परीक्षकाच्या तक्त्यात कोणते इंजिन मूळ ठरेल याची हमी द्यावयास त्यांच्यापैकी कोणीही तयार नाही.